रस्ता पडद्यावर ओलांडता येत नाही

कंपवात म्हणजे पार्किन्सन्स झालेल्या ज्येष्ठांना रस्ता सुरक्षितपणे कसा ओलांडता येईल, या प्रश्नाला अलीकडे एक सोपे उत्तर दिले जाते: त्यांना बौद्धिक सराव द्या. त्यामागचा युक्तिवाद चार पायऱ्यांचा आहे. रस्ता ओलांडायला लक्ष, झटपट निर्णय आणि एका वेळी दोन गोष्टींचे भान लागते. कंपवातात नेमक्या याच शक्ती उणावतात. संगणकावरच्या किंवा मोबाइलवरच्या सरावाने त्या वाढवता येतात. म्हणून असा सराव केलेला माणूस रस्त्यावर अधिक सुरक्षित होतो. यातल्या पहिल्या दोन पायऱ्या भक्कम आहेत. तिसरी अर्धीच खरी आहे. चौथी पायरी, जिच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो, ती पुराव्याने सिद्ध झालेली नाही. तरीही तिच्यावर भरवसा ठेवून माणसे वाहनांपुढे पाऊल टाकतात आणि रस्ता बांधणारे व सिग्नलची वेळ ठरवणारे नामानिराळे राहतात. म्हणून हा युक्तिवाद पायरीपायरीने तपासणे गरजेचे आहे.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ८५ लाखांहून अधिक लोकांना तो होता. हात थरथरणे ही त्याची सर्वांना दिसणारी खूण असली, तरी रस्त्यावर घात करतात ती दुसरी लक्षणे. मेंदूच्या तळाशी असलेल्या 'सबस्टॅन्शिया नायग्रा' या भागातल्या पेशी मरत जातात आणि डोपामिन हे रसायन कमी पडू लागते. त्यामुळे 'बेसल गॅंग्लिया' या केंद्रसमूहाचे काम बिघडते. सवयीच्या हालचाली विचार न करता पार पाडण्याची सोय प्रामुख्याने याच केंद्रांमुळे असते. निरोगी माणूस चालताना चालण्याचा विचार करत नाही. कंपवाताच्या रुग्णाला तो करावा लागतो. पाऊल किती लांब टाकायचे, टाच कधी टेकवायची, वळताना भार कुठे द्यायचा, हे सारे लक्ष देऊन करावे लागते.

या बदलाचे पुरावे जुने आहेत. ऑस्ट्रेलियातील मेग मॉरिस, रॉबर्ट इयानसेक आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की जमिनीवरच्या खुणा पाहून किंवा मोठ्या पावलाकडे मुद्दाम लक्ष देऊन चालल्यास रुग्णाच्या पावलाची लांबी जवळजवळ पूर्ववत होते. मात्र त्याच वेळी दुसरे एखादे काम दिले की हा लाभ निसटतो. २००५ मध्ये ताओ वू आणि मार्क हॅलेट यांनी मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की सरावाने रुग्णांच्या हालचाली सवयीच्या होऊ शकतात, पण तीच हालचाल करताना त्यांच्या मेंदूचे अधिक भाग राबतात. म्हणजे लक्षाचा जो साठा इतरांना रहदारीकडे पाहायला मोकळा असतो, तो कंपवाताच्या रुग्णाचा चालण्यातच खर्च होतो.

रस्ता ओलांडताना या साठ्यावर चहूबाजूंनी ताण येतो. कडेला उभे राहून डावी-उजवीकडे पाहायचे, पण मान आणि धड ताठरलेले असल्यामुळे नुसती मान वळत नाही. सारे शरीर वळवावे लागते आणि त्यात तोल जातो. येणाऱ्या गाडीचे अंतर आणि वेग यांचा अंदाज घ्यायचा, पण फिक्या-गडद छटांतला फरक ओळखण्याची दृष्टीची क्षमता या आजारात अनेकदा मंदावलेली असते. निर्णय झाल्यावर लगेच पाऊल उचलायचे, तर पहिले पाऊलच उशिरा निघते. मध्येच एखादी दुचाकी आडवी आली तर आखलेली हालचाल थांबवून दुसरी सुरू करायची, आणि हेच सर्वांत कठीण जाते. काहींचे पाय अचानक जमिनीला खिळतात. हे खिळणे बहुधा कुठे घडते तेही ठाऊक आहे: चालायला सुरुवात करताना, वळताना, अरुंद जागेतून जाताना, घाई झाल्यावर आणि लक्ष दुसरीकडे वेधले गेल्यावर. गजबजलेल्या चौकात या पाचही गोष्टी काही सेकंदांत एकापाठोपाठ एक समोर येतात.

इथपर्यंत बौद्धिक सरावाच्या समर्थकांशी मतभेद नाही. कंपवाताच्या रुग्णाचा रस्त्यावरचा धोका हा निव्वळ पायांचा प्रश्न नाही. लक्ष आणि निर्णय यांचाही आहे, हे त्यांनी ठासून सांगितले ते योग्यच झाले. वाद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. लक्ष कमी पडते, म्हणून लक्षाचे खेळ खेळावेत, आणि त्यात गुण वाढले की रस्त्यावरचे लक्षही वाढले असे मानावे, हा निष्कर्ष घाईचा आहे.

सराव केलेल्या कामात प्रगती होते, हे निर्विवाद आहे. ती प्रगती सराव न केलेल्या, वेगळ्या धाटणीच्या कामात उतरते का, हा खरा प्रश्न आहे. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी बीबीसीच्या मदतीने केलेल्या प्रयोगात ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर बौद्धिक सराव केला. ज्या खेळांचा सराव केला त्यांत लोक सुधारले. त्यांच्याशी जवळचे नाते असलेल्या इतर चाचण्यांतही ती सुधारणा उतरली नाही. २०१६ मध्ये डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी या क्षेत्रातले उपलब्ध संशोधन एकत्र तपासले आणि रोजच्या जगण्यातल्या कामगिरीवर परिणाम होतो असे म्हणायला पुरावा तोकडा असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'लुमोसिटी' या बौद्धिक खेळांच्या कंपनीवर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा आरोप ठेवला आणि कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. वयाबरोबर येणारी बौद्धिक घसरण थोपवण्याचे दावे पुरेशा आधाराशिवाय केले गेले, हे त्या आरोपाचे सार होते.

हे प्रयोग मुख्यतः निरोगी लोकांवरचे आहेत. ज्यांची शक्ती खरोखर उणावली आहे त्यांना अधिक लाभ होईल, असे यावर म्हणता येते. तेव्हा कंपवातावरचाच पुरावा पाहावा. २०१३ मध्ये जेरी एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी ८७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, घरच्या संगणकावर माहिती झरझर टिपण्याचा सराव केलेल्या गटाची दृष्टिक्षेत्रातल्या गोष्टी चटकन ओळखण्याची गती वाढली. हा निष्कर्ष खरा आहे आणि मोलाचाही. पण मोजली गेली ती पडद्यावरची गती. रस्ता ओलांडणे मोजले गेलेच नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने कंपवातासह सौम्य बौद्धिक ऱ्हास किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठीच्या बौद्धिक सरावाचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात निकषांवर उतरले ते केवळ सात अभ्यास आणि २२५ रुग्ण. एकूण बौद्धिक क्षमतेवर किंवा रोजच्या व्यवहारांवर स्पष्ट लाभ होतो असे म्हणण्याजोगा पुरावा त्यांत सापडला नाही, आणि जो होता त्याचा दर्जाही कमी होता. याचा अर्थ असा सराव निरुपयोगी ठरला असा होत नाही. मात्र त्याच्या भरवशावर कोणाला 'आता रस्त्यावर जायला हरकत नाही' असे सांगण्याचा अधिकारही त्यातून मिळत नाही.

समर्थकांच्या हातातला सर्वांत वजनदार पुरावा वाहनचालकांचा आहे. अमेरिकेतल्या 'ॲक्टिव्ह' या मोठ्या चाचणीत ६५ वर्षांवरील २,८०० हून अधिक लोक सहभागी झाले. तिचे पहिले निष्कर्ष २००२ मध्ये आले. कार्लीन बॉल आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जाहीर केले की माहिती झरझर टिपण्याचा किंवा तर्काचा सराव केलेल्या चालकांच्या हातून, त्यांच्याच चुकीमुळे होणारे अपघात पुढच्या वर्षांत जवळजवळ निम्म्याने कमी झाले. पडद्यावरचा सराव रस्त्यापर्यंत पोहोचतो याचे हे ठोस उदाहरण आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातून कंपवाताच्या पादचाऱ्याबद्दल निष्कर्ष काढताना दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, त्या चाचणीतले लोक कंपवाताचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते. घरी स्वतंत्रपणे राहणारी, बौद्धिकदृष्ट्या ठीक असलेली ती ज्येष्ठ मंडळी होती. दुसरी आणि अधिक महत्त्वाची, चालक बसलेला असतो. त्याला आपला तोल सांभाळावा लागत नाही, पाऊल उचलण्यासाठी लक्ष खर्चावे लागत नाही. त्याचा निर्णय आणि त्याची हालचाल यांच्यामध्ये ब्रेकवरच्या पायाचे अंतर असते. कंपवाताच्या पादचाऱ्याच्या बाबतीत निर्णय अचूक झाला तरी पाय ऐकतील याची खात्री नसते. निर्णयाची गती वाढवणारा सराव या दुसऱ्या अडचणीला स्पर्शही करत नाही.

पादचाऱ्यांसाठी मुद्दाम आखलेल्या प्रशिक्षणाचाही पुरावा आहे आणि तो अधिक बोलका आहे. फ्रान्समध्ये ऑरेली डॉम आणि व्हायोला काव्हालो यांच्या गटाने ज्येष्ठांना कृत्रिम रस्त्यावर, म्हणजे चालत्या गाड्यांच्या प्रतिमांपुढे, रस्ता ओलांडण्याचे प्रशिक्षण दिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ज्येष्ठांचे वर्तन सुधारलेले दिसले आणि तो लाभ सहा महिन्यांनंतरही टिकला. पण एक उणीव तशीच राहिली. गाडी किती दूर आहे यावरूनच ते निर्णय घेत राहिले. ती किती वेगाने येते आहे हे हिशेबात घ्यायला प्रशिक्षणानंतरही ते शिकले नाहीत. म्हणून भरधाव गाड्यांपुढे ते पूर्वीइतकेच असुरक्षित राहिले. हे लोक कंपवाताचे रुग्णही नव्हते. उत्तम, नेमक्या कामाचे प्रशिक्षणही जिथे अपुरे पडते, तिथे उरलेला धोका कमी करण्याचा एकच मार्ग राहतो: गाड्यांचा वेग कमी करणे. प्रशिक्षणावरच्या संशोधनानेच बोट रस्त्याकडे वळवले आहे.

मग रुग्णाला सराव देऊच नये का? जरूर द्यावा, पण जो पायांसकट मेंदूला राबवतो तो. याचा सर्वांत चांगला पुरावा 'व्ही-टाइम' या चाचणीत मिळतो. अनात मिरेलमन आणि सहकाऱ्यांनी पाच देशांत ती केली आणि २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वारंवार पडणाऱ्या ३०२ ज्येष्ठांचे दोन गट केले. त्यांत कंपवाताचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. एक गट नुसता ट्रेडमिलवर चालला. दुसरा गट ट्रेडमिलवर चालताना समोरच्या पडद्यावर आपलीच पावले पाहत आभासी वाटेतले अडथळे ओलांडत होता, वाट निवडत होता, विचलित करणाऱ्या गोष्टींतून लक्ष सावरत होता. आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे. पुढच्या सहा महिन्यांत दुसऱ्या गटाचे पडण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. नुसते चालणाऱ्या गटात तसा लक्षणीय फरक पडला नाही. इथेही पडदा होता, पण समोर बसलेल्या माणसासाठी नव्हे, चालणाऱ्या माणसासाठी.

एका वेळी दोन कामांचा सराव रुग्णाला धोक्यात घालतो, अशी भीती फिजिओथेरपीत बराच काळ होती. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये १२१ रुग्णांवर झालेल्या 'ड्युॲलिटी' चाचणीने २०१७ मध्ये ती दूर केली. चालणे आणि बौद्धिक काम एकत्र शिकवले काय किंवा वेगवेगळे शिकवून नंतर जोडले काय, दोन्ही गटांची चाल सुधारली आणि पडण्याचा धोका वाढला नाही. ॲलिस न्यूव्हबूर यांच्या गटाच्या २००७च्या 'रेस्क्यू' चाचणीत घरीच ताल आणि खुणांच्या आधाराने चालायला शिकवल्यावर चाल सुधारली, पण प्रशिक्षण थांबल्यावर लाभ ओसरला. या तिन्हींतून एकच बोध निघतो. सराव चालताना हवा, खऱ्या परिस्थितीच्या जवळचा हवा आणि तो कायम चालू ठेवायला हवा. तरीही या चाचण्यांनी चाल किंवा पडणे मोजले. वाहनांच्या धडका नव्हेत. तेव्हा चांगल्या सरावाच्या नावानेही अवाजवी आश्वासन देता कामा नये.

सरावाच्या चर्चेत औषधाची वेळ जवळजवळ नेहमीच गळते. लेव्होडोपा या औषधाच्या गोळीचा असर चढतो आणि उतरतो. आजार जुना झाला की एकाच दिवसात तोच माणूस सकाळी अकराला झपाझप चालतो आणि दुपारी एकला दारातून बाहेर पडताना अडखळतो. रस्ता ओलांडण्याचा निर्णय म्हणजे दोन वेळांची तुलना: गाडी पोहोचायला लागणारा वेळ आणि आपल्याला पलीकडे जायला लागणारा वेळ. कंपवातात ही दुसरी वेळ तासातासाला बदलते. गेल्या महिन्यात पडद्यावर मिळवलेले गुण ती सांगू शकत नाहीत. गोळी केव्हा घेतली हे विचारणारा शेजारी या बाबतीत कोणत्याही ॲपपेक्षा अधिक उपयोगी आहे.

आता रस्त्याचा हिशेब. पादचारी सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे अनेक देशांत दीर्घकाळ गृहीत धरले गेले. भारतीय रोड्स काँग्रेसच्या मानकांतही हाच आकडा रुळला आहे. इंग्लंडमधल्या आरोग्य सर्वेक्षणाच्या आधारे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. हे सर्वसाधारण ज्येष्ठ. कंपवाताचे रुग्ण अनेकदा याहूनही हळू चालतात. १४ मीटर रुंदीचा चौपदरी रस्ता १.२ मीटरच्या वेगाने पावणेबारा सेकंदांत पार होतो. ०.८ मीटरच्या वेगाने साडेसतरा सेकंद लागतात. पहिल्या हिशेबाने सिग्नल लावला तर ही व्यक्ती पलीकडच्या कडेपासून साडेचार मीटरहून अधिक दूर असतानाच दिवा बदलतो. उरलेल्या जवळजवळ सहा सेकंदांत ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ८० मीटर अंतर कापते. यात पाय खिळण्याचा एक क्षणही धरलेला नाही. ही तूट रुग्णाच्या मेंदूत नाही. सिग्नलच्या पेटीत आहे. कोणताही बौद्धिक सराव सहा सेकंद निर्माण करू शकत नाही.

ती निर्माण करता येतात हे सिंगापूरने दाखवले आहे. तिथे २००९ पासून 'ग्रीन मॅन प्लस' योजनेत ज्येष्ठ आणि दिव्यांग व्यक्ती आपले सवलत कार्ड सिग्नलच्या खांबावरील यंत्रावर टेकवतात आणि रस्त्याच्या रुंदीनुसार हिरव्या दिव्याला ३ ते १३ सेकंद अधिक मिळतात. ब्रिटनमध्ये काही क्रॉसिंगवर संवेदक पादचारी अजून रस्त्यात आहे का ते पाहतात आणि तोवर वाहनांना थांबवून धरतात. अशा व्यवस्थेत हळू चालणे हा रुग्णाचा अपराध ठरत नाही.

वेगाबाबतही असेच आहे. जर्मनीतल्या अपघातांच्या सखोल नोंदींवरून एरिक रोसेन आणि उल्रिच सँडर यांनी २००९ मध्ये दाखवले की ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ३० किलोमीटरच्या तुलनेत पाचपटीहून अधिक असतो. वय वाढते तशी हाडे ठिसूळ होतात आणि हा धोका आणखी वाढतो. भारतात २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींना ताशी ७० किलोमीटरपर्यंत कमाल मर्यादा दिली. ती कमी करण्याची मुभा स्थानिक यंत्रणांना आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक मृत्युमुखी पडले. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. या मृत्यूंचे मूळ पादचाऱ्यांच्या बौद्धिक क्षमतेत शोधणे अन्यायाचे आहे.

भारतीय शहरांत तर पडद्यावरच्या सरावाचा रस्त्याशी मेळ बसणे आणखी अवघड आहे. सराव ठरावीक नियमांचा असतो. इथला रस्ता नियम मोडणाऱ्यांचा असतो. एकेरी रस्त्यावरही उलट्या दिशेने दुचाकी येते. पादचाऱ्यांचा हिरवा दिवा असतानाही डावीकडे वळणारी वाहने थांबत नाहीत. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे असे २०१७चे मोटार वाहन चालनविषयक विनियम सांगतात, पण तसे घडणे विरळा. पदपथावर उभ्या केलेल्या दुचाक्या, टपऱ्या, विजेचे डीपी बॉक्स यांच्यामधून उरलेली हातभर वाट पाय खिळण्याला आमंत्रणच देते. पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा असावी, असे रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथे या दोन्ही अटी सलग एक किलोमीटर पाळलेला पदपथ शोधावाच लागतो.

हे बदल म्हणजे उपकार नव्हेत. २०१६च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने मान्य केलेल्या दिव्यांगत्वांत पार्किन्सन्सचा नावानिशी उल्लेख आहे आणि त्याच कायद्याने रस्ते व वाहतूक सर्वांना वापरता येण्याजोगी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथावरचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१च्या कक्षेत येतो असे स्पष्ट केले. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि पुढे ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा करण्याची प्रथाही सुरू केली. इच्छा असली की गर्दीचा रस्ताही चालणाऱ्यांच्या हाती देता येतो, हे त्या दिवसाने सिद्ध होते. उरलेल्या ३६४ दिवसांसाठी वेगळे नियम का, याचे उत्तर यंत्रणेने द्यायला हवे.

रस्त्याची रचना आणि मेंदूचे पुनर्वसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे समजणेही चुकीचे आहे. ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्ट जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये नोंदवले होते की जमिनीवर पावलागणिक आडव्या रेषा आखल्या की खिळलेले पाय सुटतात. भारतीय डिझायनर मिलेहा सोनेजी यांनी आपल्या काकांसाठी जमिनीवर जिन्याच्या पायऱ्यांचा आभास देणारे चित्र तयार केले, कारण सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना मात्र सहज उतरत होते. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टेही चालणाऱ्याला आडव्या रेषांसारखेच दिसतात. म्हणजे ठळक रंगवलेला झेब्रा कंपवाताच्या रुग्णाला पावलापावलाची खूण पुरवू शकतो. तो पुसट झाला की वाहनचालकाचा इशारा जातो आणि रुग्णाचा आधारही जातो. वेळच्या वेळी दिलेला पांढरा रंग हाही पुनर्वसनाचा भाग मानला पाहिजे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, रस्ते सुधारायला वर्षे लागतात, सराव आजपासून सुरू करता येतो. रस्त्याची पुनर्रचना वेळखाऊ आहे हे खरे, पण सिग्नलची वेळ वाढवणे, झेब्रा रंगवणे, दुभाजकात थांबण्यापुरती जागा मोकळी करणे, पदपथावरच्या दुचाक्या हटवणे ही वर्षांची कामे नाहीत. शिवाय निकृष्ट सराव आजच सुरू करता येतो म्हणून तो योग्य ठरत नाही. खोटा आत्मविश्वास हा रस्त्यावर भीतीपेक्षा घातक असतो.

दुसरा आक्षेप, रुग्णाने स्वतःची जबाबदारी घ्यायला नको का? रुग्ण ती घेतच असतो. घरातून बाहेर पडण्याआधी गोळीची वेळ पाहणे, वर्दळीची वेळ टाळणे, लांबचा पण सिग्नल असलेला चौक निवडणे हे तो रोज करतो. जबाबदारी वाटून घ्यायला जी बाजू कचरते आहे, ती रस्त्याची आहे.

तिसरा आक्षेप बहुतेकदा मायेपोटी येतो: एवढा धोका असेल तर बाहेर जाऊच नये. हा सल्ला सर्वांत महाग पडतो. चालणे थांबले की स्नायू क्षीण होतात, तोल आणखी बिघडतो, बद्धकोष्ठ आणि नैराश्य वाढते, आणि मग घरातल्या घरात पडणे सुरू होते. बाजारात, देवळात, बँकेत, मित्रांकडे स्वतः जाता येणे हा उपचाराचा भाग आहे. मुंबईतील पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ गेली अनेक वर्षे रुग्णांना एकत्र आणतात, व्यायाम करवून घेतात, घराबाहेर काढतात. त्या सभेपर्यंत पोहोचायलाही रस्ता ओलांडावाच लागतो.

योग्य कार्यक्रम कसा असावा, हे उपलब्ध पुराव्यांतून सांगता येते. फिजिओथेरपिस्टने आधी रुग्णाच्या चालण्याचा वेग गोळीच्या असरात आणि असर उतरल्यावर असा दोनदा मोजावा आणि त्याच्या रोजच्या चौकाची रुंदी व हिरव्या दिव्याची वेळ यांच्याशी ताडून पाहावा. वेळ पुरत नसेल तर तो चौक त्याच्यासाठी असुरक्षित आहे हे स्पष्ट सांगावे आणि ते महापालिकेला लेखी कळवावे. सराव आधी मोकळ्या जागेत, मग शांत गल्लीत, शेवटी खऱ्या क्रॉसिंगवर सोबतीसह व्हावा. त्यात ठरावीक शिस्त असावी: कडेपासून एक पाऊल मागे थांबणे, ओलांडताना न बोलणे, मोबाइल खिशात ठेवणे, दिवा नुकताच हिरवा झाल्यावरच निघणे, दुभाजकावर थांबून उरलेला अर्धा रस्ता नव्याने पार करणे. ताल देणारे संगीत चालायला मदत करते, पण रस्त्यावर कानात हेडफोन घातले तर वाहनांचा आवाज बुजतो. तिथे मनातल्या मनात मोजणे बरे. पाय खिळलेच तर झटापट न करता थांबावे, भार एका पायावरून दुसऱ्यावर झुलवावा, समोरचा पट्टा हेरून मोठे पाऊल टाकावे. सोबतीने हात धरून ओढू नये आणि 'चला, चला' म्हणून घाई करू नये; त्याने पाय अधिकच खिळतात. हात उंचावून वाहने थांबवणे हे सोबतीचे पहिले काम. पडद्यावरचे खेळ ज्यांना आवडतात त्यांनी खेळावेत, पण त्यांचे गुण रस्त्यावर जाण्याचा परवाना मानू नयेत.

संशोधकांवरही एक जबाबदारी आहे. 'रस्ता सुरक्षा' हे शब्द शीर्षकात असतील तर मोजमापही रस्त्याचे असले पाहिजे: ओलांडायला लागलेला वेळ, निवडलेली फट, मध्येच थांबण्याचे प्रसंग, महिनोन्महिने नोंदलेली पडझड आणि थोडक्यात टळलेले अपघात. चाचणीत औषधाची वेळ नोंदलेली असावी. भारतातल्या रुग्णांसाठी निष्कर्ष काढायचे असतील तर सराव भारतातल्या रहदारीत तपासलेला असावा. आणि अशा प्रत्येक चाचणीत एक गट असा असावा, ज्याला कोणतेही प्रशिक्षण न देता फक्त सिग्नलची वेळ वाढवून दिलेली आहे. मेंदूवर खर्च करायचा की चौकावर, याचा निर्णय तेव्हाच पुराव्यावर होईल. तोवर दोन्हींवर खर्च करावा, आणि सुरुवात चौकापासून करावी. कारण चौक सुधारला की सराव केलेला, न केलेला आणि करू न शकणारा, असे तिन्ही प्रकारचे रुग्ण एकाच वेळी सुरक्षित होतात.